प्रकल्प नोंदी: पॅकार्ड बारा सिलिंडर, एकास दहा

३ जून २०२५

पावसाळी मासेमारीची बंदी लागली. नौका शाकारून झाल्या आणि दरवर्षीप्रमाणे त्यांची इंजिनं माझ्या शेडमध्ये येऊन पडली. दिवसभर ती करायची. रात्री जेवणानंतर लेथ मोकळं असेल तर हे.

हे म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन टॉर्पेडो बोटीच्या इंजिनाचं, पॅकार्ड कंपनीच्या ४एम-२५०० चं, दहाव्या हिश्शाचं मॉडेल. चालणारं नाही करणार, तेवढा शहाणपणा शिल्लक आहे. एका बाजूने कापलेलं, हाताने क्रँक फिरवली की आतले पिस्टन वरखाली होताना दिसतील असं. त्या बोटीत तीन इंजिनं असत, म्हणून मधलं अॅल्युमिनियमचं आणि दोन बाजूंची नुसती सागाची, रंगवलेली. तिन्ही एका फळीवर. एल्को कंपनीची बोट ८० फूट लांब आणि २० फूट ८ इंच रुंद होती, म्हणजे आपली फळी ६३ सेंटीमीटर. हिने आधीच विचारलंय की हे घरात कुठे ठेवणार. अजून उत्तर दिलेलं नाही.

सुरुवात झाली ती शेजारच्या काकांमुळे. काका नौदलातून निवृत्त, आयुष्य इंजिनरूममध्ये गेलेलं. गेल्या दिवाळीत फराळ करता करता म्हणाले, "महायुद्धातल्या टॉर्पेडो बोटी पेट्रोलवर चालायच्या, माहितीय का?" मी हसलो. लाकडाची होडी, आत हजारो लिटर पेट्रोल आणि समोरून गोळीबार? काकांना वाटलं मी त्यांना खोटं पाडतोय. त्या हसण्याची भरपाई म्हणून हा सगळा उद्योग.

५ जून

मापं लिहून ठेवतो, नंतर शोधाशोध नको.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६ पूर्णांक ३/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) साडेसहा इंच. बारा सिलिंडर, सहा-सहाच्या दोन रांगा, मधला कोन ६० अंश. गुणाकार केला तर २४९० घनइंच, नावातले २५०० तिथून आले. आपल्या हिशेबात ४०.८ लिटर.

आमच्याकडे ट्रॉलरवर बसतं ते सहा सिलिंडरचं इंजिन अख्खं सहा-साडेसहा लिटरचं. पॅकार्डचा एकेक सिलिंडर ३.४ लिटरचा. म्हणजे त्याचे दोन सिलिंडर काढले की आमचं पूर्ण इंजिन झालं. आमचं शंभर-सव्वाशे घोडे देतं. पॅकार्ड सुरुवातीला १२०० आणि युद्ध संपेपर्यंत १५०० घोड्यांवर गेलं. त्याला सुपरचार्जर (सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंप) होता, गिअरवर चालणारा, आणि पेट्रोल १०० ऑक्टेनचं, विमानाचं. वजन तरीही दीड टनाच्या आत. हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला.

एकास दहामध्ये बोअर १६.२ मिलिमीटर, स्ट्रोक १६.५. करंगळीच्या जाडीचा पिस्टन. जमेल.

९ जून

भाचा पुण्याला असतो, त्याच्याकडे थ्रीडी छपाईचं मशीन आहे. त्याला नेटवर 'पॅकार्ड व्ही-१२' नावाची तयार फाईल सापडली. "मामा, ब्लॉक, क्रँककेस, सगळं आहे, एकास दहा करून पाठवतो." मी हो म्हटलं.

१४ जून

आज काहीच नाही. दोन हेडगास्केट, एक वाकलेला कनेक्टिंग रॉड. पाऊस.

१७ जून

एस्टीच्या पार्सलमधून ब्लॉक आला. राखाडी प्लॅस्टिक, पण आकार देखणा. बोअरमध्ये बोट घालून पाहिलं, गुळगुळीत. लगेच पिस्टनला लागलो.

पिस्टनसाठी भंगारातली अॅल्युमिनियमची सळई घेतली, एका जुन्या शिडीची. लेथवर पहिला काप घेतला तेव्हा टूल चिकटत होतं, अॅल्युमिनियमची ती खोडच आहे. रॉकेलचा थेंब टाकला की सुटतं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल टाकलं, चाललं. बाहेरचा व्यास ब्लॉकला लावून पाहत पाहत उतरवला. भोक सांगेल तसा पिस्टन. रिंगांच्या खाचा हॅक्सॉच्या पात्याचं टोक घासून केलेल्या टूलने मारल्या, प्रत्येकी तीन. गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेचं) भोक सगळ्यांना एकाच जागी यावं म्हणून लाकडात एक खोबण करून घेतली आणि पिस्टन तिच्यात दाबून ड्रिल मारलं.

बारा पिस्टन, तीन रात्री लागतील. भोकात टाकला की हळूहळू, हवा दाबत खाली उतरतो. तो आवाज ऐकायला मुलीला बोलावलं. ती "हं" म्हणाली आणि गेली.

२१ जून

पेट्रोलचा हिशेब बसवतोय.

पीटी बोटीत (अमेरिकन टॉर्पेडो बोटींचं हे नाव) ३००० अमेरिकन गॅलन पेट्रोल मावायचं, म्हणजे साधारण ११,३५० लिटर. आमच्या भाषेत दोनशे लिटरची सत्तावन्न बॅरलं. तिन्ही इंजिनं पूर्ण उघडली की तासाला ५०० गॅलनच्या आसपास, म्हणजे साडेनऊ बॅरलं. सहा तासांत टाक्या कोरड्या. अर्थात सहा तास कोणी पूर्ण दाबून पळवत नसे. रात्र रात्र हळू फिरायचं आणि पाच-दहा मिनिटांच्या झटापटीसाठी ४० नॉटचा वेग राखून ठेवायचा, असा तो धंदा.

डिझेलच्या बादलीत बिडी विझवणारे खलाशी मी पाहिलेत. (करू नये.) डिझेल थंड असताना सहजासहजी पेट घेत नाही, त्याची वाफच पुरेशी उठत नाही. पेट्रोलची वाफ नेहमीच्या हवेतही उठते, हवेपेक्षा जड असते, आणि बोटीत ती तळाला जाऊन बसते. तिथेच स्टार्टर, तिथेच बॅटरी, तिथेच तापलेलं इंजिन. एक गळका जोड आणि एक ठिणगी पुरे. त्यामुळे आधी पंखा लावून तळातली वाफ बाहेर काढायची, मगच इंजिनाला हात लावायचा.

मग पेट्रोल का? अमेरिकेकडे पेट्रोल मुबलक होतं आणि हलकं, ताकदवान, तयार इंजिन होतं. तितक्या वजनात तितके घोडे देणारं डिझेल त्यांच्याकडे नव्हतं. आहे त्यावर बोट बांधली. होडी चाळीसला न्यायची तर ती पाण्यावर उचलली गेली पाहिजे, आणि त्यासाठी इंजिन हलकंच लागतं.

२४ जून

मूर्खपणाची नोंद.

रात्री काका आले. छत्री बाहेर झटकली, स्टुलावर बसले, एक पिस्टन उचलला, डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "व्हर्नियर दे." दिला. मोजलं. "तेरा पॉइंट सहा. तुझ्या वहीत काय लिहिलंयस?"

वहीत १६.२ लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात, पाच जूनला, 'नंतर शोधाशोध नको' म्हणून.

बोअर मोजला, १३.७. दहाने गुणलं की १३७ मिलिमीटर, म्हणजे ५.४ इंच. हे रोल्स-रॉइस मर्लिन. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं इंजिन, २७ लिटरचं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ब्लॉकला व्हर्नियर लागला, आणि तोही काकांनी लावला. गिऱ्हाइकाचा लायनर असता तर मी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या.

घोळ कसा झाला ते नंतर कळलं. पॅकार्डने मर्लिनही बनवलं. १९४१ पासून डेट्रॉइटच्या कारखान्यात परवान्यावर, ५५,००० च्या वर. तेही बारा सिलिंडर, तेही ६० अंश. म्हणून 'टॉर्पेडो बोटीत मर्लिन होतं' ही समजूत जगभर पसरलीय. त्या फाईलवाल्याची चूक नाही, त्याने मर्लिनच दिलं होतं, पॅकार्डने केलेलं. चूक न मोजणाऱ्याची.

भाच्याला फोन केला. तो बिचारा सॉरी सॉरी करत बसला. मी म्हटलं, "तुझं काही नाही रे. मामाने वही लिहिली आणि वाचली नाही."

बारा पिस्टन बरणीत टाकले.

२५ जून

झोप नाही आली म्हणून खऱ्या पॅकार्डचं कूळ शोधत बसलो. ते मर्लिनपेक्षा बरंच जुनं आहे.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे स्वतःचं धड विमान-इंजिन नव्हतं. पॅकार्डचे जेसी व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचे एल्बर्ट हॉल या दोघांना वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात बसवलं आणि इंजिनाचा आराखडा करायला सांगितला. मे महिन्याच्या अखेरीस बसले, पाच-सहा दिवसांत कागद तयार. ते लिबर्टी इंजिन. पुढे व्हिन्सेंटच्या हाताखाली पॅकार्डने विसाच्या दशकात २५०० घनइंचाचं विमानाचं इंजिन काढलं आणि त्यातूनच हे बोटीचं इंजिन आलं.

मध्ये एक शर्यतीचं प्रकरण आहे. डेट्रॉइटचा गार वुड हा वेगाने झपाटलेला माणूस. १९३२ मध्ये त्याने 'मिस अमेरिका एक्स' या होडीत चार पॅकार्ड बसवली आणि सेंट क्लेअर नदीवर ताशी १२४.८६ मैल गाठले. म्हणजे नौदलाने मागायच्या आधीच हे इंजिन पाण्याच्या माराला सरावलेलं होतं.

आणि मर्लिनची समजूत अगदीच हवेतली नाही. १९३९ मध्ये ब्रिटिश पॉवर बोटवाले ह्यूबर्ट स्कॉट-पेन यांची ७० फुटी बोट एल्कोने अमेरिकेत नेली, नौदलाने तिला पीटी-९ हा क्रमांक दिला आणि तीच एल्कोच्या बोटींची आई. त्या बोटीत मूळची तीन मर्लिनच होती, बोटीसाठी बदल केलेली. पण मर्लिन लढाऊ विमानांना हवं होतं, होडीला कोण देणार? म्हणून पॅकार्ड.

हे वाचून जरा बरं वाटलं. पिस्टन काही मोठे झाले नाहीत.

२ जुलै

नवा ब्लॉक आला. यावेळी पार्सल उघडल्याबरोबर व्हर्नियर. १६.२. परत मोजला. नवीन सळई (शिडी संपली), १६.१ चे पिस्टन. सहा झाले.

६ जुलै

आषाढी. शेड बंद.

९ जुलै

क्रँक. याची धास्ती होती, पण बसल्यावर कळलं की हे तर रोजचंच आहे. बारा सिलिंडर म्हणजे सहा-सहाची दोन इंजिनं एका क्रँकवर. क्रँकला वळणं सहाच, १२० अंशांवर, आरशात पाहिल्यासारखी: पहिलं आणि सहावं एका कोनात, दुसरं-पाचवं एका, तिसरं-चौथं एका. आमच्या ट्रॉलरच्या क्रँकचंच रूप. फरक इतकाच की प्रत्येक वळणावर दोन रॉड येतात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. रांगांमध्ये ६० अंश ठेवले की दर ६० अंशांना एक ठोका पडतो, समान अंतराने. दोन फेऱ्यांत बारा. म्हणून ही इंजिनं इतकी गुळगुळीत चालतात.

क्रँक एका तुकड्यात कापायचा माज केला नाही. पितळी सळई आणि चकत्या, चांदीच्या डागाने जोडलेल्या. डाग लावायला गल्लीतल्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी क्रँक उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हा कोणत्या देवाचा दागिना?"

१३ जुलै

रविवार. काका दुपारचे आले आणि दिवे लागेपर्यंत बसले. आज हत्यार कमी चाललं, तोंड जास्त.

नोकरीत काही वर्षं काका ओसा वर्गाच्या क्षेपणास्त्र नौकांवर होते, रशियन बनावटीच्या. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या ज्या नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्या जातीच्या. चार डिसेंबरला नौदल दिन असतो तो त्याचमुळे. त्या मोहिमेत काका नव्हते, ते नंतरचे. पण इंजिनं तीच. एकेका नौकेत तीन, एम-५०३ नावाची.

"सिलिंडर किती सांग."

"सोळा? वीस?"

"बेचाळीस."

मला वाटलं थट्टा करतायत. माझ्या बिलाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. मध्ये एक क्रँक. तिच्याभोवती चांदणीसारख्या सात रांगा, प्रत्येक रांगेत सहा सिलिंडर. ४००० घोडे, आणि डिझेल. "खालच्या रांगांचं काम निघालं की अंग चोरून घुसायचं," काका म्हणाले. "माझ्या डाव्या कोपराला अजून त्याची आठवण आहे." कोपर दाखवलं. खरंच वळ आहे.

त्या नौकांची भूकही तशीच. पल्ला कमी, म्हणून कराचीच्या मोहिमेत वाटेत काही अंतर दुसऱ्या जहाजांनी दोर बांधून ओढून नेलं, इंधन वाचावं म्हणून. आमच्याकडे बंद पडलेली नौका ओढून आणतात. इथे चालू नौका ओढत नेली, लढण्यापुरतं तेल उरावं म्हणून.

मग गाडी जर्मनांवर आली. डिझेलची टॉर्पेडो बोट युद्धाच्या आधीच करून दाखवली ती त्यांनी. त्यांची एस-बोट ३५ मीटर लांब, शंभर टनांच्या घरातली, ल्युरसेनने बांधलेली. पीटी बोटीच्या दुप्पट वजनाची. तिच्यात डाइमलर-बेंझची तीन डिझेल, पुढच्या बोटींमध्ये वीस सिलिंडरची, एमबी ५०१, प्रत्येकी २००० घोडे. बोअर १८५ मिलिमीटर, स्ट्रोक २५०. मी तिथेच गुणून पाहिलं: १३४ लिटर. पॅकार्डच्या तिपटीहून जास्त पोट आणि घोडे जेमतेम दीडपट. पण पेटत नाही, आणि तेवढ्याच तेलात लांब जातं. याच घराण्यातलं सोळा सिलिंडरचं डिझेल हिंडेनबर्ग या हवाई जहाजावर होतं, चार. ते १९३७ मध्ये जळालं हायड्रोजनने. इंधन त्याचं डिझेलच होतं, हे कोणी सांगत नाही.

ब्रिटिशांनी युद्धभर पेट्रोल बोटी जळताना पाहिल्या आणि युद्धानंतर नेपियर कंपनीकडून डिझेल करून घेतलं, डेल्टिक. त्रिकोणी. तीन कोपऱ्यांत तीन क्रँक, बाजूंना सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. अठरा सिलिंडर, छत्तीस पिस्टन, टू-स्ट्रोक. पहिली चाचणी त्यांनी कशावर घेतली? पकडलेल्या जर्मन एस-बोटीवर. तिच्या तीन मर्सिडीजपैकी दोन काढून डेल्टिक बसवली.

दोन पिस्टन एकमेकांसमोर येतात म्हणजे हेडच, सिलिंडरवरचं झाकणच, नाही. हेड नाही म्हणजे हेडगास्केट नाही. मी काकांना म्हटलं, "माझा अर्धा धंदा बुडाला असता." काका म्हणाले, "तीन क्रँकचं टायमिंग जुळवताना भरून निघाला असता."

१८ जुलै

बाजूची दोन सागाची इंजिनं फळीवर ठेवली, तिन्ही एका दिशेने, ओळीत. छान दिसत होती. चूक होती.

एल्कोमध्ये मधलं इंजिन सरळ मागच्या, पाण्यातल्या पंख्याला जोडलेलं, पण बाजूची दोन उलटी बसायची. त्यांचं गिअरचं तोंड बोटीच्या नाळेकडे. तिथे व्ही-ड्राइव्ह, म्हणजे शाफ्टची दिशा परतवणारी गिअरपेटी, आणि तिथून शाफ्ट इंजिनाच्याच पोटाखालून मागे पंख्यापर्यंत. कारण जागा. शाफ्टला उतार कमी हवा, इंजिन मागे हवं, दोन्ही हवं असेल तर इंजिनाला पाठ फिरवायला लावायची.

सागाचे ठोकळे फिरवले. फळीवरची भोकं बुजवून नवी पाडली. बुजवलेल्या जागी रंग लावूनही खूण दिसतेय. दिसू दे.

एक्झॉस्ट सहा, प्रत्येक रांगेचा एक, सगळे मागच्या फळीतून बाहेर. त्यांना मफलर आणि झडपा. हळू जाताना झडप बंद, आवाज मफलरमधून दबून जायचा, शत्रूला कळू नये म्हणून. पळायची वेळ आली की उघडायची. तांब्याच्या नळ्या वाकवतोय. आत बारीक वाळू भरली की चेपत नाही, हे फ्रिजवाल्याकडून शिकलो.

२३ जुलै

बेअरिंगं आली नाहीत. ज्याच्याकडे पैसे भरलेत तो आज म्हणतो पुढच्या आठवड्यात. मागच्या आठवड्यातही हेच म्हणाला होता.

या विषयात अशा अडवणुकीचा राजा इटली आहे. ब्रिटनच्या व्हॉस्पर कंपनीने १९३७ मध्ये स्वतःच्या पैशाने एमटीबी (मोटर टॉर्पेडो बोट) १०२ बांधली, ६८ फुटी. तिच्यात इटलीच्या इसोटा फ्रास्किनीची तीन इंजिनं: प्रत्येकी अठरा सिलिंडर, सहा-सहाच्या तीन रांगा, ५७ लिटर. ४८ नॉट पळाली. कंपनीने पुढच्या बोटीही याच इंजिनावर आखल्या. मग १० जून १९४० ला इटलीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ज्याचं इंजिन तोच शत्रू. बोटी तयार, इंजिन नाही.

तात्पुरती म्हणून अमेरिकेची हॉल-स्कॉट बसवली. बिचारी साधी, भरवशाची, पण चाळीसची बोट पंचवीस-सत्तावीस नॉटवर आली. टॉर्पेडो मारून पळायचं तर पळणार कशाने? अमेरिकेतून पॅकार्ड येऊ लागली तेव्हा कुठे जीवात जीव आला. पुढे फेअरमाइल डी या मोठ्या बोटींमध्ये तर एकेकीत चार-चार पॅकार्ड होती.

हॉल-स्कॉट म्हणजे तेच, विलर्ड हॉटेलातल्या दोघांपैकी एकाची कंपनी. त्यांच्या दोन-दोन इंजिनांवर चालणाऱ्या फेअरमाइल बी लाँचेस आपल्याकडेही होत्या. ११२ फुटी, वीस नॉटच्या, सुटे भाग आणून जुळवायच्या. मुंबईतही काही बांधल्या गेल्या आणि रॉयल इंडियन नेव्हीने त्या ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर, खाड्याखाड्यांतून वापरल्या. त्याही पेट्रोलवरच्या. म्हणजे आपल्याच माणसांनी हे पेट्रोल हाताळलंय, आणि मी दिवाळीत हसत होतो.

काकांना हे सांगितलं. "मग?" म्हणाले. "मी काय वेगळं सांगत होतो?"

२७ जुलै

क्रँक बसली. बेअरिंगं शेवटी सायकलवाल्याकडची. फिरवली. एका ठिकाणी अडते, तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये. रॉडचा खांदा ब्लॉकला घासतोय. कानसीने अर्धा मिलिमीटर.

फळीवर एक माणूस ठेवायचा ठरवलं, मापासाठी. साडेसतरा सेंटीमीटरचा, शिवणीचा, हात गिअरच्या दांड्यावर. कारण एल्कोमध्ये वेगाचा दांडा वर कॅप्टनच्या हाती असला तरी गिअर बदलायला खाली माणूसच लागायचा. वरून इशारा आला की त्याने ओढायचा. बाहेर काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

पीटी-१०९ वर ती पाळी पॅट्रिक मॅकमहोनची होती. २ ऑगस्ट १९४३, पहाटे अडीचच्या सुमारास, सॉलोमन बेटांमधली ब्लॅकेट सामुद्रधुनी. बोटीचा कॅप्टन जॉन केनेडी, पुढे अध्यक्ष झालेला. तीनपैकी फक्त मधलं इंजिन चालू होतं, कारण त्या पाण्यात पंख्याने ढवळलं की रेघ चमकते आणि वरच्या विमानाला दिसते. काळोखात पाणी कसं चमकतं ते आमच्या तांडेलांना सांगायला नको. अमागिरी ही जपानी विनाशिका समोरून आली आणि बोट चिरून गेली. एका इंजिनावर एवढ्या बोटीला झटक्यात बाजूला घेता येत नाही. दोघे जागीच गेले. पेट्रोल पाण्यावर पसरून पेटलं. मॅकमहोन इंजिनरूममध्ये होता, भयंकर भाजला, पण वर आला. त्याच दिवशी दुपारी केनेडीने त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून त्याला साडेपाच किलोमीटरवरच्या बेटापर्यंत पोहत नेलं, चारेक तास. अकरा जण वाचले. त्यांना शोधलं बियुकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन बेटवासीयांनी, आणि निरोप गेला तो नारळाच्या करवंटीवर कोरून. ती करवंटी पुढे केनेडीच्या कार्यालयात टेबलावर होती.

लाकडी माणसाचा चेहरा कोरायला घेतला होता, सोडून दिला. तसाच बरा.

३१ जुलै

दिवसभर जेटीवर. सहा इंजिनं चढवली, दोघांच्या शाफ्टची रेषा जुळली नाही, परत उतरवली. घरी आलो तेव्हा हाताला एवढा कंप होता की बारीक काम अशक्य. मॉडेलवर कापड टाकलंय.

१० ऑगस्ट

परवा नारळी पौर्णिमा झाली. आज सवड होती. शेवटचे दोन पिस्टन, पिना, कापलेल्या बाजूला लाल रंग. मधल्या इंजिनाच्या टोकाला छोटा दांडा लावला.

काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, दांडा दोन बोटांत धरला आणि फिरवला. पहिला आणि सहावा एकदम वर, दुसरा आणि पाचवा खाली जाता जाता, समोरच्या रांगेतले त्यांच्या मागून. कुठेच अडलं नाही. एक फेरी, दोन, मग कान जवळ नेऊन तिसरी. काही बोलले नाहीत. मग फळीवरच्या त्या बुजवलेल्या भोकांवर बोट ठेवलं. "हे काय?"

"उलटी लावली होती बाजूची."

"अस्सं."

हे अजून उरलंय: उजवीकडच्या एक्झॉस्टची एक नळी, मफलरच्या झडपा, आणि ठेवायची जागा. हिने शोकेसचा वरचा कप्पा दिलाय, पण तो ५५ सेंटीमीटरचा आहे.

निघताना काकांनी बरणीतला एक मर्लिनचा पिस्टन उचलला, पिनेच्या भोकातून तार ओवली आणि स्कूटरच्या किल्लीला लावला. "बाकीचे अकरा?" म्हणाले. भाच्याला फोनवर तेच विचारलं, तर तो म्हणतो, "मामा, स्पिटफायर करू या." ब्लॉक आहेच.

उद्या सकाळी व्हर्नियर लावून बघतो.